आपली चेक, आमच्या ताई

दोन्ही तळवे जमिनीकडे, बोटं जुळवलेली, हात गुडघ्यांच्या जरा वर स्थिर धरलेले. आमच्या ताई अशा उभ्या राहिल्या की समजायचं, बॉल आत पडला. टेनिसमध्ये लाईनवर बसणाऱ्या पंचाची ही खूण. ताईंनी ती शाळेच्या फाटकापासून स्टाफरूमपर्यंत सगळीकडे चालवली. घंटा वाजता वाजता एखादी मुलगी दप्तर सावरत फाटकातून शिरली की ताईंचे तळवे खाली, आणि फाटक ओढून घेणारा चपराशी थांबायचा. घंटेनंतर आली, तर एक हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ. म्हणजे आऊट. मग ती मुलगी संस्थेच्या सचिवांची भाची का असेना.

"लाईनला चिकटला म्हणजे आत," त्या म्हणायच्या. "मग कोण काय बोलतंय ते ऐकायचं नाही."

उज्जैनच्या माधव नगरातल्या मुलींच्या एका खासगी शाळेत त्या खेळ शिकवत आणि मी संस्कृत. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. उंची बेताची, रंग उन्हाने रापलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पुढे छज्जा असलेली टोपी. साडीच्या दिवशीही बूट तेच आणि टोपीही तीच. डबा उभ्याने खायच्या. बसून खाल्लं की झोप येते म्हणायच्या, पण खरं कारण वेगळं होतं. स्टाफरूमच्या खिडकीतून कोर्ट दिसायचं, आणि बसलं की दिसायचं नाही.

शाळेला एक टेनिस कोर्ट होतं. सिमेंटचं, एका कोपऱ्यात तडा गेलेलं, मागच्या भिंतीला लागून. संस्थेच्या कुणा जुन्या अध्यक्षांना हौस होती म्हणून बांधलेलं. ताई नोकरीला लागल्या तेव्हा त्यावर गव्हाची वाळवणं पडायची. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पोती बाजूला केली आणि रेषा रंगवल्या.

त्यांचे वडील रेल्वेत कारकून. भुसावळहून बदली होऊन उज्जैनला आले आणि इथेच राहिले. रेल्वेच्या साहेबलोकांच्या क्लबात तेव्हा टेनिस चालायचं. एका साहेबाच्या मुलीला खेळायला जोडीदार हवी होती, म्हणून बारा वर्षांच्या ताईंना बोलावणं आलं. जुनी रॅकेट मिळाली. साहेबाच्या मुलीला जिथे हवा तिथे बॉल परत करायचा, एवढंच काम. वर्षभर केलं. मग एका संध्याकाळी ताईंनी तिला एकही गेम न देता हरवलं. दुसऱ्या दिवशी क्लबचा शिपाई घरी निरोप घेऊन आला, उद्यापासून येऊ नका. ताई गेल्याच. आत सोडलं नाही, तर जाळीबाहेर रॅकेट घेऊन उभ्या राहिल्या, सूर्य बुडेपर्यंत. असे आठ दिवस. नवव्या दिवशी साहेबाच्या मुलीनेच फाटक उघडलं.

"दया बिया काही नाही आली तिला," ताई मला म्हणाल्या होत्या. "तिला हरवणारी दुसरी कोणी मिळत नव्हती ना."

आता ताईंच्या चेक मुलीबद्दल, म्हणजे चेक देशातल्या त्या टेनिस खेळाडूबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय ताई पुऱ्या होत नाहीत.

इंदूरला एकदा परदेशी मुलींची ज्युनियर स्पर्धा भरली होती. लाईनवर बसायला माणसं कमी पडली, म्हणून आसपासच्या शाळांतल्या खेळाच्या शिक्षकांना बोलावलं. ताई गेल्या. तिथे त्यांना ती सोळा वर्षांची चेक मुलगी दिसली. लांब हातापायांची, उन्हाने नाकाचं साल निघालेलं, बरोबर छत्री घेतलेली आई आणि पावाची पिशवी. तिसरा सेट चालला होता. समोरच्या मुलीचा एक बॉल मागच्या रेषेवर पडला, ताईंच्या रेषेवर. तो आत असेल तर चेक मुलगी मॅच हरत होती. ताईंचे तळवे खाली गेले. मुलगी स्वतःच्या भाषेत ओरडली, मग थेट चालत आली आणि दोन हातांच्या अंतरावर उभी राहून ताईंच्या डोळ्यांत बघत राहिली. ताईंनी ना हात हलवले, ना नजर.

अर्ध्या तासाने ताई नळावर पाणी पीत होत्या, तेव्हा ती आईला घेऊन पुन्हा आली. मॅच संपल्यावर परत कोर्टवर जाऊन बॉल पडल्याची खूण तिने वाकून बघितली होती. तिला इंग्रजी जेमतेम येत होतं. ती "आय लुक" एवढंच म्हणाली आणि ताईंसारखेच दोन्ही तळवे खाली करून दाखवले. आईने पिशवीतून एक गोड पाव काढून ताईंना दिला. बस, एवढीच भेट.

"हरलेली पोरगी परत जाऊन बघते, अशी मी दुसरी नाही पाहिली," ताई म्हणायच्या. "तेव्हाच मला मालूम झालं, ही खूप पुढे जाणार."

ती पुढे गेली, आणि तेव्हा ताईंची पंचाईत झाली. ज्या खेळाडूचं चित्र पेपरात येतं ती आमच्या पी.टी.च्या बाईंना भेटली होती, हे कोण खरं मानणार? फोटो नव्हता, सही नव्हती. गोड पाव तर तेव्हाच खाऊन झाला होता. स्टाफरूममध्ये हसायचे. तुमच्यापासून काय लपवू, सुरुवातीला मीही हसणाऱ्यांत होते. ताईंनी पटवून द्यायचा प्रयत्न कधी केला नाही. सांगायच्या, समोरचा हसला तर हसू द्यायच्या, आणि पुढच्या वेळी तितक्याच शांतपणे तीच गोष्ट तशीच सांगायच्या. एक शब्द कमी नाही की जास्त नाही. दहा वर्षं गोष्ट न बदलणारं माणूस खोटं बोलत नसतं, हे मला त्यातून कळलं.

तिचं नाव आम्हाला कुणालाच नीट म्हणता यायचं नाही. त्यात असा एक उच्चार होता की जीभ अडायची. ताईंनी त्यावर तोडगा काढला. त्या तिला 'आपली चेक' म्हणू लागल्या. दर शनिवारी प्रार्थनेनंतर सुविचाराऐवजी आपली चेक त्या आठवड्यात कुठे खेळली, कशी खेळली, ते त्या सांगायच्या. चपराश्याचा बरेच महिने गैरसमज होता. एकदा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मैडम का चेक हर हफ्ते आता है, हमारा कब आएगा?"

आमच्या मुली घाटावरच्या पंडितांच्या, फुलवाल्यांच्या, ऑटोवाल्यांच्या, दुकानदारांच्या घरच्या. त्यांना ती चेक मुलगी मावसबहिणीसारखी माहीत झाली. आईबरोबर रात्रीच्या गाड्यांनी फिरणारी, लहानसहान स्पर्धांत खेळणारी, हॉटेलच्या नळाखाली कपडे धुणारी. मग ती मोठ्यांच्या स्पर्धांत शिरली. मग हिरवळीवरच्या त्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोचली आणि हरली. दोन वर्षांनी पुन्हा पोचली आणि पुन्हा हरली. ताईंनी दोन्ही पराभव इतके तपशीलवार सांगितले की प्रार्थना लांबली आणि पहिला तास बुडाला. मुख्याध्यापिकांनी सुचवलं, मुलींना जिंकल्याच्या गोष्टी सांगाव्यात. ताई म्हणाल्या, "हरल्याचं नाही सांगितलं तर जिंकल्याचं कोण खरं मानेल?"

त्यानंतर तिचा खांदा गेला. एक ऑपरेशन, मग दुसरं. पेपरवाले लिहू लागले की ही संपली. मग लिहायचंही थांबले, ते जास्त वाईट. शनिवारी सांगण्यासारखं काही उरलं नाही, तर ताईंनी फळा धरला. दर शनिवारी सकाळी फाटकाजवळच्या सूचना फलकावर खडूने लिहायच्या, 'आपली चेक: आज खेळली नाही.' एखादा शनिवार नाही, पुरी दोन वर्षं. फलकावर त्याच्या वर फीची तारीख असायची आणि खाली हरवलेल्या छत्रीची सूचना. सचिव एकदा तिथे थांबून मोठ्याने हसले आणि म्हणाले, मॅडम, आता हे पुसून टाका, ती घरी स्वेटर विणत असेल. ताईंनी त्यांच्यादेखत त्या ओळीखाली एक रेघ ओढली आणि वर्गावर निघून गेल्या.

दोन वर्षांनी एका शनिवारी फलकावर आलं, 'आज खेळली. हरली.' मुलींनी फाटकात उभं राहून टाळ्या वाजवल्या. हरल्यावर इतक्या टाळ्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत.

आणखी चार वर्षांनी ती त्या हिरवळीवर जिंकली. फायनल शनिवारीच होती, आपल्याकडे संध्याकाळ. ताईंकडे टीव्ही नव्हता, म्हणून त्या अकरा मुली घेऊन माझ्या घरी आल्या. आमच्या यांनी सोफा भिंतीला लावला, मुली सतरंजीवर. शेवटचा बॉल पडला, आपली चेक गवतावर गुडघ्यांवर बसली, आणि माझ्या बैठकीत असा कल्ला झाला की शेजारच्या बाई दूध उतू जाऊ देऊन धावत आल्या. ताईंनी टाळी वाजवली नाही. त्या उठून अंगणात गेल्या. मी काही मिनिटांनी गेले, तर तुळशीजवळ पाठमोऱ्या उभ्या होत्या. तोंड धुतल्यासारखं ओलं. मला बघून म्हणाल्या, "तिची दुसरी सर्व्हिस अजून कच्चीच आहे."

त्या अकरा मुलींत रानू होती. राम घाटावरच्या एका पंडितांची नात. सातवीत असतानाच तिच्या हाताची ताकद ताईंनी ओळखली होती. आजोबांचा खेळायला विरोध नव्हता, आखूड कपड्यांना होता. ताई घाटावर गेल्या. आजोबा यजमानाकडून तर्पण करवून घेत होते, ते होईपर्यंत पायरीवर बसून राहिल्या. मग त्यांना सांगितलं की पोरगी सलवार-कुर्त्यात खेळेल, आणि तिला कुणी अडवलं तर त्या पाहून घेतील. अडवलं, बाहेरगावच्या एका स्पर्धेत. तिथल्या पंचांनी रानूला कपडे बदलून यायला सांगितलं. ताईंनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं, त्यांच्या हातात दिलं आणि सलवारीवर बंदी कुठल्या पानावर आहे ते वाचून दाखवायची विनंती केली. पंच बराच वेळ पानं उलटत होते. तोवर रानूचा वॉर्मअपही झाला. ती स्पर्धा ती जिंकली नाही, पण उपांत्य फेरीपर्यंत गेली, सलवारीत.

तेव्हापासून कोर्टवर मुली वाढल्या. आणि नेमकं त्याच सुमारास उज्जैन बदलू लागलं. तुम्ही गेल्या काही वर्षांत इथे आला असाल तर बघितलं असेल. दर्शनाला येणारी गर्दी इतकी वाढली की ज्याच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या, त्याने बाहेर पाटी लावली. रस्ते रुंद झाले, ई-रिक्षा वाढल्या, सिंहस्थाची तयारी सुरू झाली. संस्थेच्या सचिवांनीही शाळेच्या मागच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडे रस्ता होता. कोर्टच्या जागेवर यात्रेकरूंसाठी तीन मजली निवास उभारायचा ठराव झाला.

ताईंनी अर्ज केले. पालकांच्या सह्या घेतल्या. सचिवांना जाऊन भेटल्या. ते वाईट बोलले नाहीत. या शाळेतून कोण चॅम्पियन निघालीय ते दाखवा, इतकंच म्हणाले. ताईंनी सांगितलं की आपली चेक तिच्या गावात ज्या कोर्टवर शिकली तिथून तिच्याआधी कोणी निघालं नव्हतं. सचिव म्हणाले, ती तिकडची, हे आपलं उज्जैन.

मे महिन्यात सुट्टीत एका सकाळी रानूचा मला फोन आला, लवकर या. मी पोचले तेव्हा सात वाजले असतील. मागची भिंत आदल्या दिवशीच पाडलेली. त्या जागी जेसीबी उभा, इंजिन चालू. आणि कोर्टवर ताई आणि रानू सामना खेळत होत्या. पाच-पाच गेम झाले होते. बाजूला दहा-बारा मुली उकिडव्या बसलेल्या.

जेसीबीवाल्याने हॉर्न दिला. ताई सर्व्हिसच्या मधे थांबल्या, पाडलेल्या भिंतीपाशी गेल्या आणि त्याला शांतपणे म्हणाल्या, "भैया, सेट पूरा होने दो."

त्याला वाटलं असणार, दहा मिनिटांचं काम आहे. त्याने इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक की टेनिसला घड्याळ नसतं. आणि ताईंच्या कोर्टवर बरोबरी तोडायचा झटपट नियमही कधी चालला नाही. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालायचा, मग सूर्य कुठेही जावो.

सहा-सहा. सात-सात. ऊन चढू लागलं. ताई सत्तावन्न वर्षांच्या होत्या आणि रानू पंधराची. रानू मारायची जोरात, ताई बॉल अशा जागी टाकायच्या की तिला तीन पावलं जास्त धावावं लागावं. रस्त्यावरचे लोक पाडलेल्या भिंतीशी थांबू लागले. एक दूधवाला, शाळेसमोरचा फोटोकॉपीवाला, दर्शनाला निघालेलं एक कुटुंब. कुणीतरी मोबाईल वर धरला. आठच्या सुमारास सचिव आले. त्यांनी मला गाठून सांगितलं की जाऊन मॅडमला थांबवा, तुमचं ऐकतील. मी म्हटलं, मला खेळातलं काही कळत नाही. एवढंच मी केलं. कोर्टवर जाऊन त्यांच्या बाजूला उभी राहिले नाही. नोकरी माझीही होती.

आठ-सात झाले. रानूची सर्व्हिस, तिला सेट जिंकायला एक पॉईंट हवा. पहिला बॉल जाळीत. दुसराही जाळीत, खालच्या पट्टीत, जिथे रानूचा बॉल कधी जात नसे. आम्ही बघणाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. ताईंनी टाकला नाही. त्या चालत जाळीपर्यंत आल्या आणि रानूला बोलावलं.

"जानबूझकर मारा?"

रानूने खाली बघत मान डोलावली. मग म्हणाली, "सेट खत्म हुआ तो कोर्ट चला जाएगा, मैडम."

"चला जाए," ताई म्हणाल्या. "झूठा पॉइंट मैं नहीं लूँगी. फिर से सर्व कर."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला, खरं सांगते. एक पॉईंट घेतला असता तर काय बिघडलं असतं? समोर जेसीबी उभा होता. पण ताई मागच्या रेषेवर जाऊन, गुडघे वाकवून, रॅकेट फिरवत उभ्या राहिल्या. रानूने डोळे पुसले आणि खरी सर्व्हिस केली. ताईंनी ती परत केली. मग सुरू झाली ती अशी झुंज की जेसीबीवाला खाली उतरून मुलींशेजारी येऊन बसला. तो पॉईंट ताईंनी जिंकला. गेमही जिंकला. नऊ-नऊ. दहा-दहा. अकरा-अकरा. ताईंचा कुर्ता पाठीला चिकटला होता, श्वास मला लांबून ऐकू येत होता, पण प्रत्येक बॉलमागे त्या धावत होत्या. कोर्ट वाचवायचं होतं त्यांना, पण खेळून.

तेरा-अकरा. रानू जिंकली. तिचा शेवटचा बॉल लाईनला लागून गेला, अगदी कोपऱ्यात. बाकी कुणाला नीट दिसलाही नाही. ताईंनीच दाखवलं, आत.

जाळीवरून हात मिळवला तेव्हा रानू रडत होती. ताई नाही. त्या सचिवांजवळून जाताना थांबल्या आणि म्हणाल्या, "हमारा हो गया. अब आपको जो करना है, कीजिए." दुपारपर्यंत कोर्ट फुटलं होतं.

त्यांना नोटीस आली, बांधकामात अडथळा का आणला याचा खुलासा करावा. उत्तर एका वाक्याचं होतं, की अडथळा आणला नाही, खेळ सुरू होता तो पूर्ण केला. व्याकरण तपासायला म्हणून कागद माझ्याकडे आणला. मला काही दुरुस्त करण्यासारखं सापडलं नाही. मग त्यांच्याकडून खेळ काढून घेतले आणि ग्रंथालय दिलं. अकरा महिने त्यांनी पुस्तकांना नंबर लावले. निवृत्तीच्या वेळी निरोप समारंभ ठरला. ताईंनी कळवलं की समारंभ नव्या निवासाच्या खालच्या मजल्यावर, स्वागतकक्षाच्या जागी करावा, कारण त्यांची नोकरी तिथे झाली. संस्थेला ते जमलं नाही. ताई आल्या नाहीत. शाल आणि श्रीफळ चपराश्याबरोबर घरी पाठवलं, ते त्यांनी त्यालाच देऊन टाकलं.

दुसऱ्या आठवड्यात मला कळलं की त्या नदीपलीकडे यात्रेच्या बसगाड्या उभ्या करायच्या मैदानावर जातात. तिथे फरसबंदी केलेली आहे, आणि सकाळी साडेआठपर्यंत बस येत नाहीत. ताई साडेपाचला चुन्याची बादली आणि दोरी घेऊन जायच्या, रेषा आखायच्या, दोन बांबूंमध्ये जाळी बांधायच्या. साडेआठला बस आल्या की टायरखाली सगळ्या रेषा जायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आखायच्या. पहिल्या दिवशी सहा मुली होत्या, वर्षभरात एकोणीस झाल्या. एकदा खानदेशातली एक बस लवकर आली. एका आजोबांना वाटलं की ही कसल्याशा पूजेची आखणी आहे. त्यांनी चपला काढल्या, रेषांना हात जोडले आणि बाहेरून वळसा घेऊन गेले. मुली हसू दाबत होत्या. ताई म्हणाल्या, "करू दे त्यांना नमस्कार. काही चुकीच्या जागी नाही केला."

माझी नोकरी तेव्हा चालू होती, तरी मी रविवारी जाऊ लागले. बॉल गोळा करायचे. त्या मे महिन्यातल्या सकाळबद्दल मी एकदा माफी मागायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं नाही. म्हणाल्या, तू काय बाजूला उभी राहून बॉल मारणार होतीस थोडीच.

आपल्या चेकने खेळ सोडला तो मागच्या वर्षी. शेवटची मॅच तिच्याच देशात, छोट्या स्पर्धेत, पहिल्याच फेरीत. ताई संध्याकाळी माझ्याकडे बघायला आल्या. तोवर त्या बारीक झाल्या होत्या, टोपी सैल बसत होती. मला वाटलं, उन्हाने. मॅच बघता बघता त्या अस्वस्थ होऊन पुढे सरकल्या.

"लाईनवर कोणीच नाही बसलं?"

मी सांगितलं की आता यंत्र बघतं, आतलं-बाहेरचं तेच सांगतं. त्यांनी पडद्यावरची रिकामी लाईन पुन्हा न्याहाळली. मग म्हणाल्या, "मग पोरगी भांडेल कोणाशी?"

आपली चेक हरली. प्रेक्षक उभे राहिले. ती मधोमध येऊन चारी बाजूंना हात हलवत होती आणि ताई पडद्याकडे बघत सांगत होत्या की खांदा अजून दुखतोय तिला, बघ, हात पुरता वर जात नाही.

दर मंगळवारी ताई बसने इंदूरला जायच्या. मुलींना सांगितलं होतं की तिथे एक कोर्ट बघून ठेवायचं आहे. तो उपचारांचा दिवस होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. एका सकाळी दोरी धरून रेषा आखताना त्या मधेच खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. रानू आता विद्यापीठाच्या संघात खेळते, ती सुट्टीला आलेली होती. तिने ऑटो बोलावली आणि मला फोन केला.

इंदूरच्या इस्पितळात मी आणि रानू आळीपाळीने असायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघीही तिथे असताना सिस्टर सलाईन लावायला आल्या. डाव्या हातावर सुयांच्या इतक्या खुणा होत्या की निळं-काळं पडलं होतं. सिस्टरनी उजवा हात उचलला. ताईंनी तो ओढून घेतला. अंगात जोर नव्हता, तरी ओढला.

"इसमें नहीं, सिस्टर."

"अम्मा, उसमें नस नहीं मिल रही. इसमें कितनी अच्छी दिख रही है."

"दिखने दो. ये खेलने का हाथ है."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. या बाईंना समजवा, असं. मी उठून ताईंच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बाएँ में ही लगाइए."

पाच वेळा टोचावं लागलं. ताई छताकडे बघत रानूला सांगत होत्या की सर्व्हिस करताना बॉल फार मागे उडवतेस, जरा पुढे घे. पाचव्या वेळी नस सापडली.

शनिवारी दुपारी त्या गेल्या. सिस्टरनी डाव्या हाताची सुई काढली, पट्टी लावली आणि तो हात चादरीखाली घेतला. उजवा बाहेरच होता. रानूने तो दोन्ही हातांत धरून उलटसुलट करून बघितला. मनगटापासून कोपरापर्यंत त्यावर सुईची एकही खूण नव्हती.